नवरदेवाच्या मेंदूचा फोटो

लग्न ठरलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि भवानीपूरच्या एका मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवत होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं घर कलकत्त्यात चांगलं मुरलेलं. आजोबा नोकरीसाठी इकडे आले ते परत गेलेच नाहीत. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण त्यात बंगालीची भेसळ इतकी की लहानपणी मी 'पाणी खायचंय' म्हणायची, कारण बंगालीत पाणीसुद्धा खातातच. सुट्टीत पुण्याला गेलं की मावश्या मला मुद्दाम तहान लागेपर्यंत थांबवून ते वाक्य ऐकायच्या आणि पोट धरून हसायच्या.

आणि आम्ही मासे खायचो. हे आधीच सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

मुलगा पुण्याचा, शुद्ध शाकाहारी घरातला. खिदिरपूरच्या गोदीत कस्टमचा अधिकारी, बदली होऊन जेमतेम वर्ष झालेलं. परदेशी जहाज धक्क्याला लागलं की त्यावर चढायचं आणि लपवून आणलेला माल हुडकायचा, हे त्याचं काम. त्याच्या नाकाची म्हणे सगळ्या गोदीत ख्याती होती. जहाजाच्या पोटात उतरून एक खोल श्वास घ्यायचा आणि सांगायचा, "त्या तिसऱ्या पेटीत लवंग आहे." आणि लवंग निघायची. स्थळ आणणाऱ्या काकू म्हणाल्या, "मुलगा लाखात एक आहे. फक्त त्याला मासळीचा वास सहन होत नाही. तेवढं सांभाळा."

आम्ही सांभाळलं. ती मंडळी येणार त्याच्या तीन दिवस आधीपासून घरात मासा आला नाही. आईने कढया चिंचेने घासल्या, फरशी दोनदा पुसली, आणि इतकी उदबत्ती लावली की बाबांना ठसका लागला. मुलगा आला, गुडघ्याला गुडघा लावून बसला, शेजारी त्याची आई बसलेली. अख्ख्या तासाभरात तो एकच वाक्य बोलला, "इथला चहा चांगला असतो." मला तो आवडला. का, ते सांगता येणार नाही. कान जरा मोठे होते आणि चहा पिताना लाल व्हायचे.

साखरपुडा माघात झाला, लग्न वैशाखात ठरलं. मधल्या फाल्गुनात तो पडला.

जहाजाच्या तळाशी जाणारी लोखंडी शिडी असते. ती उतरताना पाय निसटला आणि तो पाठीवर पडला, डोक्याची मागची बाजू दाणकन आपटली. चार दिवस हॉस्पिटलात होता. एक्स-रे काढला, कवटीला तडा नव्हता. बाबा रोज भेटून यायचे. चौथ्या दिवशी परत आले आणि चपला काढता काढता आईला म्हणाले, "बरा आहे. फक्त फार हसतो."

"हसतो म्हणजे?"

"म्हणजे हसतो. मी विचारलं, डोकं दुखतंय का, तर म्हणाला, दुखतंय की, आणि हसला. नर्स इंजेक्शन द्यायला आली तरी हसत होता."

 आमच्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आला आणि कोणी तो बोलून दाखवला नाही. हा मुलगा मुळातच हसरा आहे की डोकं आपटल्यामुळे हसतोय? आम्ही त्याला पाहिलं होतं दोनदा, आणि दोन्ही वेळा तो मुका बसला होता. तुलना कशाशी करायची?

पुढच्या रविवारी दुपारी आई मोहरीच्या तेलात रोहूचे तुकडे तळत होती. घर, जिना, शेजारच्यांची गॅलरी, सगळीकडे तो वास भरला होता. आणि दारावर टकटक झाली. मी उघडलं तर हा उभा, डोक्याला पट्टी, हातात मिठाईचा पुडा.

"हॉस्पिटलात तुमचे बाबा रोज येऊन गेले, म्हटलं आभार मानून यावं," तो म्हणाला आणि हसला.

पुढच्या दोन मिनिटांत आमच्या घरात जे झालं ते आठवलं तरी मला आजही उचकी लागते. आईने तापलेली कढई उचलून न्हाणीघरात नेली. बाबा वर्तमानपत्राने वारा घालत दिवाणखान्यात गोल गोल फिरायला लागले. मी पंखा इतका जोरात केला की भिंतीवरचं कॅलेंडर उडून पाहुण्याच्या मांडीवर पडलं. त्याने ते शांतपणे उचललं, टेबलावर ठेवलं आणि आईला विचारलं, "बटाट्याचे काप चाललेत वाटतं? तळण्याचा आवाज आला म्हणून विचारलं."

आई दारात उभी राहिली ती राहिलीच. "हो," ती म्हणाली. "बटाटेच."

"मग मला पण द्या की दोन."

आई आत गेली आणि देवाशपथ सांगते, खरोखरच घाईघाईने बटाटे चिरायला बसली.

काप खाऊन तो निघाला तेव्हा मी जिन्यापर्यंत सोडायला गेले. जिन्यात तर वास कोंडून राहिलेला, डोळ्यांत पाणी येईल असा. मी म्हटलं, "खरं सांगा. तुम्हाला कसलाच वास येत नाहीये ना?"

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. "तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याकडे मासे तळत होते."

"अरे बापरे!" तो म्हणाला आणि कठड्याला धरून इतका हसला की मलाही हसू आवरेना. शेवटी डोळे पुसत म्हणाला, "कोणाला सांगितलं नाहीये अजून. हॉस्पिटलात पहिल्या दिवशी वाटलं, काय छान हॉस्पिटल आहे, फिनेलचा वासच नाही. मग नर्सने स्पिरिटचा बोळा हाताला चोळला. तो दिसला, गार लागला, पण वास नाही. उशीला नाही, साबणाला नाही, मोसंब्याला नाही. साहेबांना काय सांगू? माझं नाक हीच माझी नोकरी."

हे बोलतानाही त्याच्या तोंडावर हसू होतं, पण त्याचे कान पांढरे पडले होते. त्या क्षणी मी ठरवलं की याचा पत्ता लावायचाच.

दुसऱ्या दिवशी मी आईबाबांना सांगितलं. आईने सुटकेचा निःश्वास टाकला, बाबांनी मात्र भुवया वर केल्या. "सभ्यपणा असेल. वास आला असेल, पण लाजेकाजेने बोलला नसेल."

"मग परीक्षा घेऊ," मी म्हटलं.

तो बुधवारी आला. आनंदाने तयार झाला. मी त्याच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि स्वयंपाकघरातले डबे एकेक करून नाकाखाली धरले. हिंगाचा डबा उघडल्यावर मीच मागे सरले, तो म्हणाला, "हं, आणा पुढचं." वेलची, कापूर, डांबराच्या गोळ्या, मोहरीचं तेल. काही नाही. शेवटी बाबांनी स्वतःची तपकिरीची डबी पुढे केली. त्याने जोरात श्वास घेतला आणि लागोपाठ सात शिंका दिल्या.

"बघ!" बाबा ओरडले. "वास येत नाही म्हणतो आणि शिंकतो कसा?"

ओढणीखालून नाक पुसत तो म्हणाला, "मला पण तेच कळत नाहीये."

याचं उत्तर आम्हाला मेंदूच्या डॉक्टरांनी दिलं. पन्नाशीचे बंगाली गृहस्थ, टक्कल, ढगळ कोट, आणि मी शिक्षिका आहे हे कळल्यापासून मला 'दिदिमणी' म्हणायला लागलेले. त्यांच्या खणात छोट्या बाटल्या होत्या. कॉफी, लवंग, पुदिना. त्याने सगळ्यांना मान हलवून नकार दिला. मग त्यांनी एक निळी बाटली काढली आणि नाकाशी नेली. तो खुर्चीसकट मागे उडाला.

"अमोनिया," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "याचा वास नसतो घ्यायचा, तो झोंबतो. झोंबणं कळवणारी नस वेगळी आणि वास कळवणारी वेगळी. जो सोंग करतो ना, तो हुशारीने सांगतो की मला याचंही काही वाटत नाही. तिथेच तो पकडला जातो." मग बाबांकडे वळून म्हणाले, "तुमचा जावई खरं बोलतोय."

बाबांनी खोकून विषय बदलला. "आणि हे हसणं?"

डॉक्टर गंभीर झाले. कपाळामागच्या मेंदूला मार लागला तर माणूस कधी कधी असा विनाकारण हसरा होतो, असं त्यांनी सांगितलं. साध्या एक्स-रेत हाड दिसतं, मेंदू दिसत नाही. पण शहरात नुकतंच एक नवीन यंत्र आलं होतं. एक्स-रेची नळी डोक्याभोवती फिरते, कॉम्प्युटर आकडेमोड करतो आणि डोकं न उघडता आतल्या चकत्यांचे फोटो मिळतात. "त्यात बघू या," ते म्हणाले.

मी जागच्या जागी उडीच मारली. "मला बघता येईल?"

घरी येताना ट्रॅममध्ये बाबा हळूच म्हणाले, "फोटो येऊ दे. मग लग्नाचं बघू." त्यांचं चुकत नव्हतं. एकुलती एक मुलगी होते मी. पण माझं लक्ष कुठे होतं त्यांच्याकडे! मला ते यंत्र बघायचं होतं, आणि त्यात ज्याचं डोकं जाणार होतं तोही बघायचा होता, आणि या दोन इच्छा एकमेकींत इतक्या मिसळल्या होत्या की मला वेगळ्या करता येईनात. दुसऱ्या दिवशी मी अकरावीच्या वर्गात एक कोबी घेऊन गेले आणि त्याच्या चकत्या करून मुलींना समजावलं की बाहेरून गोळा दिसणाऱ्या वस्तूचं आतलं चित्र कसं जमवतात. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मिस, हा कोबी कोणाचा?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. बातमी माझ्या आधी शाळेत पोचली होती.

यंत्राची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली. त्या पंधरा दिवसांत आम्ही सगळा गाव पालथा घातला. कल्पना त्याचीच. "नाहीतरी वास येत नाही," तो म्हणाला, "तर जिथे वासामुळे कधी गेलो नाही तिथे जाऊन येऊ." चामड्याच्या कारखान्यांची वस्ती झाली, मासळीबाजार झाला, हावड्याकडच्या काठावरचा कचऱ्याचा डोंगर झाला. तो मजेत शीळ घालत पुढे आणि मी नाकाला रुमाल लावून मागे. मासळीबाजारात एका कोळणीने त्याला जिवंत मागूर मासा हातात दिला. मासा निसटला, तो त्याच्यामागे धावला, चिखलात बसला, आणि तिथेच बसून हसला. मी विचार केला, हे जर आजारपण असेल तर मला त्याची लागण झाली आहे. शाळेत फळ्यावर सूत्र लिहिता लिहिता मला हसू यायचं. वरणात दोनदा मीठ घातलं. आई म्हणायची, "पडला तो आणि डोकं फिरलं हिचं."

मग पुण्याहून त्याच्या आई आल्या. त्यांना पत्राने कळवलं होतं, त्या मिळेल त्या गाडीने निघाल्या. हावडा स्टेशनवर आम्ही सगळे घ्यायला गेलो. टॅक्सीत बसल्या बसल्या माझ्या आईने त्यांना विचारलंच, "तुमचा मुलगा आधीपासून इतका हसरा आहे का हो?"

"हसरा?" त्या म्हणाल्या. "जन्मल्यापासून दात काढतोय. मुंजीत भटजींना हसला होता. तुमच्याकडे मुलगी बघायला येताना मीच दम दिला होता, तोंड उघडलंस तर बघ म्हणून."

पुढच्या सीटवर बसलेल्या बाबांचे खांदे हलायला लागले. नंतर ते मोठ्याने हसले. त्यांना इतकं हसताना मी बऱ्याच वर्षांनी ऐकलं.

त्याच संध्याकाळी मी त्याला एकदा मात्र न हसताना पाहिलं. सासूबाईंनी पुण्याहून गोडा मसाला आणला होता. त्याने आमच्या स्वयंपाकघरात डबा उघडला, नाक अगदी आत घातलं आणि तसाच उभा राहिला. मग झाकण लावलं, घट्ट, चारही बाजूंनी दाबून. सासूबाईंनी ते पाहिलं. त्यांनी त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि डबा फळीवर मागच्या रांगेत सारला.

फोटोचा दिवस उजाडला. दुपारची वेळ. ती खोली थंडगार होती, बाहेर चैत्राचं ऊन रणरणत असताना आत शाल लागेल इतकी. मधोमध एक मोठं चौकोनी धूड, त्याला गोल भोक, आणि पुढे अरुंद पलंग. त्याला झोपवलं, डोकं भोकात सरकवलं, कपाळावरून पट्टा आवळला. मी आणि डॉक्टर काचेच्या पलीकडे. नळी घरघरत फिरायला लागली. एकेका चकतीला काही मिनिटं लागत होती. मी श्वास रोखून आकडे बघत होते.

तिसऱ्या चकतीच्या वेळी वीज गेली.

त्या वर्षांत कलकत्त्यात रोज लोडशेडिंग असायचं, त्यामुळे कोणाला आश्चर्य वाटलं नाही. यंत्र चालवणारा माणूस कपाळावर हात मारून जनरेटर बघायला धावला. खोलीला खिडकी नव्हती, मिट्ट काळोख. डॉक्टर म्हणाले, "दिदिमणी, जा, त्याच्याजवळ उभी राहा. डोकं हलवू देऊ नकोस, नाहीतर पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

मी चाचपडत गेले.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी."

"मी म्हणजे?"

"फिजिक्सची बाई."

पलंग हलायला लागला. "हसू नका!" मी म्हटलं. "डोकं हलतंय!"

"मग तुम्ही बोलू नका."

आम्ही दोघं गप्प राहिलो. काळोखात ते अवघड होतं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "एक सांगू? फोटोत काही भलतंच निघालं तर तुम्ही नाही म्हणू शकता. मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण तुम्हाला कळू देणार नाही."

मला काहीतरी सुंदर बोलायचं होतं. गेले पंधरा दिवस मी असली वाक्यं पाठ करत होते. पण घसा इतका कोरडा पडला होता की तोंडातून निघालं, "थांबा, मी जरा पाणी खाऊन येते."

 मग, "काय खाऊन?"

बस. पुढे त्याने डोकं किती हलवलं याचा हिशेब नाही. हसता हसता त्याने अंधारात हात पुढे केला, तो माझ्या हाताला लागला आणि त्याने तो धरला. "तू अशीच बोलत जा," तो म्हणाला. पहिल्यांदाच तू म्हणाला. वीज आली तेव्हा डॉक्टर काचेच्या पलीकडे आमच्याकडे पाठ करून छताकडे बघत उभे होते. सगळ्या चकत्या पहिल्यापासून काढाव्या लागल्या.

फोटो छोटेसे होते, काळेपांढरे, रवा सांडल्यासारखे ठिपक्याठिपक्यांचे. पांढरं कडं म्हणजे कवटी, आतला करडा भाग म्हणजे तो. डॉक्टरांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. अगदी खालच्या चकतीत, कपाळामागे, डोळ्यांच्या जरा वर, दोन्ही बाजूंना एकेक गडद डाग. शाईच्या बोटांचे ठसे असावेत तसे.

"डोकं मागे आपटलं, पण मेंदू पुढे सरकला आणि इथल्या खडबडीत हाडावर घासला. वासाचे बारीक धागे चाळणीसारख्या हाडातून वर येतात, ते तिथेच तुटतात. धागे या फोटोत दिसत नाहीत. पण शेजारी खरचटलेलं दिसतंय, त्यावरून समजायचं. डाग लहान आहेत. बाकी मेंदू उत्तम."

"वास परत येईल?" त्याने विचारलं.

"वर्षभरात काहींचा थोडा येतो. पुष्कळांचा येत नाही. खोटी आशा दाखवत नाही."

"आणि हसणं?" माझ्या बाबांनी विचारलं, आता नुसती खात्री करून घ्यायला.

"ते त्याच्या आईला विचारून झालंय ना? मग झालं."

बाबांनी फोटो उजेडात धरला, चष्मा वर केला, बराच वेळ पाहिला. एरवी मुलाची पत्रिका बघतात, घर बघतात, पगार बघतात. शेवटी फोटो माझ्या हातात देत ते म्हणाले, "चांगला भरलेला आहे." आणि वैशाखातला मुहूर्त कायम राहिला.

लग्नानंतर त्याने साहेबांना खरं ते सांगितलं. साहेबांनी त्याला जहाजांवरून काढून कागदांवर बसवलं. सहा महिने तो मालाच्या याद्या तपासत बसला आणि घरी आला की खरंच थोडा मलूल असायचा. मग एकदा माणसं कमी पडली म्हणून त्याला पुन्हा जहाजावर पाठवलं. त्याने एका केबिनमध्ये पाहिलं की सगळे स्क्रू गंजलेले आहेत आणि चारच चकचकीत आहेत. फळी काढली, मागे घड्याळांची पाकिटं निघाली. त्या दिवशी तो जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढून आला. "अगं, नाक होतं तेव्हा मी डोळे वापरतच नव्हतो!" मला उचलून त्याने गोल फिरवलं आणि आम्ही दोघं चक्कर येऊन खाली बसलो.

त्याच हिवाळ्यात एका शनिवारी आम्ही एस्प्लनेडला लोकरीचा गुंडा घ्यायला गेलो होतो. फुटपाथवर दार्जिलिंगच्या संत्र्यांची टोपली घेऊन एक म्हातारा बसला होता. याने सवयीने एक संत्रं सोललं, साल बोटांत मुडपली आणि थबकला. गर्दी दोन्ही बाजूंनी आम्हाला ढकलत जात होती.

"काय झालं?"

"थांब." त्याने दुसरं सोललं. मग तिसरं. डोळे मिटून साल नाकाशी धरली. "येतोय. अगं, येतोय! लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा, पण येतोय!"

माझ्यातली फिजिक्सची बाई म्हणाली, "नुसतं झोंबत असेल. अमोनियासारखं."

"नाही नाही. झोंबणं मला आता ओळखू येतं. हे पिवळं आहे!"

मग मीही सोलायला बसले. आठ, दहा, बारा संत्री. भोवती माणसं जमली. म्हाताऱ्याने घाबरून विचारलं, "बाबूजी, खट्टा निकला क्या?"

"नहीं चाचा," हा रडत रडत हसत म्हणाला, "बहुत अच्छा है, सब दे दो."

टोपली रिकामी करून आम्ही मैदानावर गवतात जाऊन बसलो आणि पोट दुखेपर्यंत संत्री खाल्ली. तो प्रत्येक फोडीआधी सालीचा वास घ्यायचा आणि दरवेळी मान डोलावून मला सांगायचा, "आहे. अजून आहे."